तीन महिन्यांची गॅरंटी आणि नागपूरचा हिवाळा : लाल पामच्या नावाखाली झालेली फसवणूक

नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, निफाड या पट्ट्यात ज्यांचं घर आहे आणि अंगणात पाम लावायचा विचार चालू आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, लांब आहे पण वाचा. दसरा-दिवाळीच्या आधी जागोजागी झाडांचे स्टॉल लागतात, प्रदर्शनं भरतात, आणि नेमकी तेव्हाच ही फसवणूक होते. तेव्हाच का होते ते खाली लिहिलंय, मला तरी सगळ्यात जास्त संताप त्याचाच आहे.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. हिंगणा रोडच्या पुढे लेआउटमध्ये त्यांचा जुना प्लॉट होता तिथे घर बांधलं, आणि घरापेक्षा जास्त जीव त्यांचा समोरच्या मोकळ्या जागेत. मोगरा, जास्वंद, पारिजातक सगळं स्वतःच्या हाताने लावलेलं. गेटपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी काहीतरी उंच, शोभेचं लावायचं त्यांच्या मनात होतं. एका प्रदर्शनात स्टॉलवाल्याने त्यांना लिपस्टिक पाम दाखवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा पाम खरोखर देखणा असतो, हिरवी पिसासारखी पानं आणि खालचा दांडा लालभडक, कुणी रंग दिल्यासारखा. त्या माणसाच्या मोबाइलमध्ये गोव्याच्या कुठल्यातरी रिसॉर्टचे फोटो होते, दोन्ही बाजूंना लाल दांड्यांची रांग आणि मधून फरशीची वाट. मामाजींच्या मनात जे होतं तेच समोर आलं.

त्याने काय काय सांगितलं ते नीट लिहिते कारण हीच वाक्यं तुम्हालाही ऐकायला मिळतील. "काकाजी, हा माल दोन वर्षांपासून नागपुरातच वाढून राहिला, इथलं ऊन खाल्लेला आहे." "ही थायलंडची हीट रेझिस्टंट जात आहे, साधी नाही." "तीन महिन्यांची रिप्लेसमेंट गॅरंटी, मेलं तर दुसरं देतो, एक रुपया नाही घेणार." भाव ४,५०० रुपयाला एक, दहा झाडं, म्हणजे ४५,०००, वर खड्डे आणि लागवडीचे ६,०००. पक्कं बिल नाही, एका छापील कार्डावर पेनने "१० नग रेड पाम" आणि तारीख.

झाडं आली तेव्हा मी घरीच होते. पिशव्यांमध्ये लाल माती आणि कोकोपीट होतं. आमच्याकडे काळी माती, नागपूरच्या आजूबाजूच्या बऱ्याच नर्सऱ्यांत पिशवीत तीच शेणखत मिसळून भरतात. दोन वर्षं इथे वाढलेल्या झाडाच्या पिशवीत लाल माती कुठून आली असं मी त्या पोरांना विचारलं तर त्यांना मराठी-हिंदी दोन्ही धड येत नव्हतं, आपसात तेलुगू बोलत होते. नंतर, झाडं खराब व्हायला लागल्यावर, माझे मिस्टर आणि धाकटे दीर कार्डावरच्या पत्त्यावर गेले तेव्हा तिथे नर्सरी म्हणावी असं काही नव्हतंच, हिरव्या जाळीची एक शेड आणि तिच्यात उतरवून ठेवलेला माल. चौकीदाराने सरळ सांगितलं, दर पंधरा-वीस दिवसांनी आंध्रातल्या राजमुंद्रीची गाडी येते, माल उतरतो आणि आठवड्यात विकला जातो. दोन वर्षं सोडा, दोन आठवडे पण ती झाडं नागपुरात राहिलेली नव्हती.

राजमुंद्रीचा माल वाईट असतो असं मी म्हणत नाहीये. राजमुंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्या देशभर झाडं पुरवतात आणि चांगली पुरवतात. पण ते गाव गोदावरीच्या काठावर, समुद्र फार लांब नाही, हवा दमट, थंडी नावालाच. तिथे शेडनेटखाली वाढलेलं रोप ट्रकमधून उतरवून हिंगणा रोडच्या उघड्या प्लॉटवर लावायचं आणि वर सांगायचं की हे इथलंच आहे, ही सरळ सरळ फसवणूक आहे.

आता त्या झाडाचं मूळ बघा. लिपस्टिक पाम हा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ, थायलंडचा दक्षिण भाग इथल्या दलदलीच्या जंगलातला. तिकडे वर्षभर पाऊस, वर्षभर दमट, पारा रात्री सुद्धा २० च्या खाली जवळजवळ जातच नाही. मुळं कायम ओलीत आणि आंबट मातीत. १०-१२ डिग्रीच्या खाली गेलं की त्याला इजा व्हायला लागते. आणि आपलं नागपूर? २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी इथे ३.५ नोंदलं गेलं होतं, आणि २०१३ च्या मे मध्ये ४७.९. एकाच गावात, एकाच जमिनीवर. ते रेकॉर्डचे आकडे सोडून द्या, साध्या वर्षीही डिसेंबर-जानेवारीत ८-१० वर कितीतरी रात्री जातात आणि मे मध्ये ४४-४५ ला कुणी बातमी पण करत नाही. "थायलंडची जात" म्हणजे हीट रेझिस्टंट हा तर शुद्ध खोटारडेपणा, थायलंडची उष्णता ओली असते, आपली कोरडी. मे च्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि वरून लू. दलदलीतल्या झाडाची पानं अशा हवेत जेवढं पाणी सोडतात तेवढं मुळं ओढूच शकत नाहीत, बुडाशी पाण्याचं डबकं करून ठेवलं तरी नाही.

अजून एक, पेपरात जो आकडा येतो तो वेधशाळेचा असतो, सावलीतल्या पेटीतला, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवरचा. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की उघड्या जागेत जमिनीलगत त्याच्याहून काही डिग्री कमी असतं. सीताबर्डीत दाट वस्तीत भिंती आणि रस्ते रात्री ऊब सोडतात, आमच्या लेआउटमध्ये चारी बाजूंनी रिकामे प्लॉट, तिथे सकाळी गवतावर दव असं असतं की चप्पल भिजते. उन्हाळ्यात उलटं, पश्चिमेचं ऊन खाणारी कंपाउंड वॉल दुपारभर तापते आणि त्या भिंतीलगतचं झाड दोन्हीकडून भाजतं. म्हणजे एकाच शहरात सुद्धा घराघराचं हवामान वेगळं. झाडांच्या धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसतं असं कुणी मला सांगू नका.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत झाडं बरी दिसत होती. मग थंडी वाढली. पानांवर आधी पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग आले, मग ते तपकिरी झाले. मामाजी रोज संध्याकाळी गोणपाट गुंडाळायचे आणि सकाळी सोडायचे, त्या वयात, थंडीत. पामचं एक असतं की त्याला इजा झालेली लगेच कळत नाही. प्रत्येक खोडाला वाढणारा कोंब एकच असतो, आत गाभ्यात, तो थंडीने मेला तरी बाहेरची जुनी पानं कितीतरी दिवस हिरवी राहतात आणि आपल्याला वाटतं झाड ठीक आहे. आमच्या ओळखीचे एक काका कृषी महाविद्यालयात नोकरीला होते, त्यांनी येऊन मधली न उघडलेली सुई, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर ती सरळ हातात आली, खालचं टोक चिकट, तपकिरी आणि कुजका वास. काका म्हणाले, हे झाड केव्हाच मेलंय. मामाजी काही बोलले नाहीत, आत जाऊन बसले.

आता कार्डावरची तारीख काढून बघितली तर गॅरंटी दहा दिवसांपूर्वी संपलेली. फोन केला तर उत्तर तयारच होतं, गॅरंटी संपली.

इथे थांबून हिशोब करा. सप्टेंबरच्या शेवटी विक्री. पाऊस नुकताच संपत आलेला, हवा दमट, या झाडाला नागपुरात वर्षातले जे काही थोडे महिने मानवतात त्यातलेच हे दिवस. स्टॉलवर झाड टवटवीत दिसणार, घरी लावल्यावर एखादं नवीन पान पण काढणार, घेणारा खूश. तीन महिने संपतात ते डिसेंबरच्या शेवटी. थंडीचा मार डिसेंबर-जानेवारीत बसतो आणि दिसतो जानेवारी-फेब्रुवारीत. ही गॅरंटी अशीच आखलेली आहे की झाड तिच्या आत मेलेलं दिसूच नये. आणि थंडीतून एखादं वाचलंच तर मे आहेच, तोवर त्या कार्डाला कोण विचारतो.

एवढ्यावर पण त्या स्टॉलवाल्याचं समाधान झालं नाही. फेब्रुवारीत तो स्वतः घरी आला, झाडं बघितली, "पाणी जास्त झालं काकाजी" म्हणाला, आणि उरलेली वाचवायची असतील तर ग्रीन नेट आणि फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारं यंत्र) बसवा म्हणून १८,००० घेऊन गेला. सोबत दोन बाटल्या "इम्पोर्टेड टॉनिक", लेबलवर ना कंपनीचा पत्ता ना आत काय आहे ते. फॉगरला बोरचं पाणी जोडलं. आमच्या भागात बोरचं पाणी जड आहे, पानांवर पांढरा थर जमला आणि टोकं अजून जळाली. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात हे पाणी, त्यामुळे झाडाला लोह मिळत नाही आणि नवीन पान पिवळं निघतं, हे काकांनी नंतर समजावलं. आणि त्याच चिकण काळ्या मातीत "जास्त पाणी द्या" म्हटलं की मुळं सडणार. पाणी कमी दिलं तर तुमची चूक, जास्त दिलं तरी तुमचीच, विकणारा कायम मोकळा.

मे अखेर दहापैकी चार झाडं जिवंत होती. आम्हाला वाटलं चला चार तरी राहिली. काकांनी जवळून बघितलं आणि सांगितलं, ही लिपस्टिक पाम नाहीतच, हा साधा अरेका आहे. देठ पिवळसर आणि त्याच्यावर बारीक बारीक काळे ठिपके, म्हणजे अरेका. लिपस्टिक पामच्या दांड्यावर असे ठिपके नसतात आणि मोठ्या झाडाला लाल रंग असतो. लहान रोपात लाली फिकी असते, वयाने चढते, हे खरं आहे, आणि त्याच खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने "रंग नंतर येतो काकाजी" म्हणत दोन-अडीचशेचा अरेका साडेचार हजारात मिसळून दिला. जे जगले ते म्हणूनच जगले, तेही भिंतीच्या पूर्वेला, दुपारनंतर सावलीत होते म्हणून.

माझी मावसबहीण चिपळूणला असते, तिच्याकडे हाच लिपस्टिक पाम नारळाच्या सावलीत मजेत वाढतोय. झाड वाईट नाही. कोकणात, गोव्यात लावा, जरूर लावा. पण तिकडचा फोटो दाखवून विदर्भात विकणाऱ्याला ओळखा. हाच प्रकार हायड्रेंजियाचा, थंड हवेत वाढवून फुलं लागलेली कुंडी ऑक्टोबरमध्ये विकतात आणि मार्चपासून ती माना टाकते. आमच्या गल्लीत तिघांकडे हेच झालं.

आमच्याकडे पाम लावायचेच असतील तर काकांनी जे सांगितलं ते असं. शिंदी आणि खजूर कोरड्या हवेचेच, त्यांना आपला मे नवा नाही. बिस्मार्किया मादागास्करचा आहे पण कोरडं ऊन सोसतो, वॉशिंग्टोनिया पण. रॉयल पाम आपल्या रस्त्यांच्या कडेला दिसतो पण त्याला उन्हाळाभर भरपूर पाणी लागतं, ते असेल तरच. ऱ्हापिस आणि अरेका फक्त सावलीत. आणि लावायचं ते जूनच्या शेवटी किंवा जुलैत, म्हणजे मुळं पकडायला अख्खा पावसाळा मिळतो. पिशवीतली माती हातात घेऊन बघा, दोन-चार झाडांची मधली सुई हलवून बघा, आणि नर्सरीत स्वतः जा, तिथे मागच्या उन्हाळ्याचं करपलेलं जुनं पान असलेली झाडं दिसली तर ती खरंच इथे राहिलेली आहेत.

आम्ही तक्रार केली आहे म्हणून नाव लिहीत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. कार्ड, यूपीआयचे स्क्रीनशॉट, त्याचे व्हॉट्सअॅपवरचे "दोन वर्षं इथलाच माल" वाले मेसेज, सुईचा फोटो, काकांचं लेखी मत, सगळं लावलंय. नोटीस गेल्यावर त्याने फॉगरचे पैसे परत करतो म्हणून फोन केला होता, मामाजींनी सांगितलं, सगळे दे नाहीतर तारखेला ये.

तो माणूस यंदाही स्टॉल लावणार आहे, त्याच्या स्टेटसवर तेच गोव्याचे फोटो फिरत आहेत. कुणी घेणारच असाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर झाडाचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि गॅरंटी पुढच्या जूनच्या शेवटापर्यंत मागा, म्हणजे एक हिवाळा आणि एक मे तिच्यात आला पाहिजे. तो लिहून देत नसेल तर तिथूनच परत फिरा.