आठ दिवे लागले आणि मी सही केली

ऑफिसच्या नव्या जागेत कॉम्प्युटर नेटवर्कचं चोवीस पॉइंटचं केबलिंग करून घेतलं. कोटेशनमध्ये ‘कॅट-६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा), प्युअर कॉपर’ लिहिलं होतं, शिवाय टेस्टिंगचे वेगळे पैसे लावले होते. काम संपल्यावर कॉन्ट्रॅक्टरने खिशातून छोटा टेस्टर काढला. एक डबी सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या रॅकपाशी, दुसरी भिंतीतल्या सॉकेटला. हिरवा दिवा एकापासून आठपर्यंत पळत गेला. ‘बघा साहेब, आठच्या आठ ओके.’ मी बघितलं आणि ‘काम समाधानकारक’ या कागदावर सही करून मोकळा झालो.

आठवड्याभरात तक्रारी सुरू. निम्मे कॉम्प्युटर १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर जोडले जात होते, मोठी फाइल कॉपी करताना मध्येच अडकायची. गेटवरचा कॅमेरा तर दिवसा नीट चालायचा आणि अंधार पडला की दर थोड्या वेळाने बंद पडून परत सुरू व्हायचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, इंटरनेटवाल्याचा प्रॉब्लेम आहे. मग म्हणाला, स्विच (सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी) जुना आहे. मी नवा स्विच आणला! (हा खर्च माझ्या अकलेच्या खात्यात.)

शेवटी नेटवर्कचंच काम करणारा एक मित्र आला. त्याने आधी कुठलंही यंत्र काढलं नाही, एक प्लग हातात धरून उजेडात बघितला. आत रंग कसे अगदी सुबक: नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. ‘हेच चुकलंय,’ तो म्हणाला. केबलमध्ये आठ तारा, दोन-दोनला पीळ घालून केलेल्या चार जोड्या. तीन आणि सहा या पिना एकाच जोडीच्या असतात. हिरव्याच्या दोन तारा तिथे जायला हव्यात, मधल्या चार-पाचवर निळी जोडी. इथे तीनवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहावर निळीची. दोन्ही टोकांना तीच चूक, म्हणून एकची तार एकलाच, आठची आठलाच पोचत होती आणि टेस्टर खूश. पण तारांना पीळ असतो तो एकमेकींचा गोंगाट कापण्यासाठी. सिग्नलच्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांत गेल्या की तो पीळ असून नसल्यासारखा. याला स्प्लिट पेअर म्हणतात. तो साधा टेस्टर तार तुटली आहे का आणि क्रम बरोबर आहे का एवढंच सांगतो. लांबी नाही, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसणं) नाही, तार कशाची आहे तेही नाही.

मग कॅमेऱ्याची केबल. तिच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले होते, रॅकपाशी ०४८ आणि कॅमेऱ्यापाशी १६७. म्हणजे ११९ मीटर! मर्यादा १०० ची, आणि तीही दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडणीच्या छोट्या सुट्या केबल) धरून. भिंतीतली पक्की केबल ९० पर्यंतच. मित्राने ब्लेडने तार खरवडली तर लालसर थराखाली पांढरट धातू. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. एका टोकाला जोडी शॉर्ट करून दुसरीकडून मल्टिमीटर लावला तर ३१ ओहम. तांब्याच्या चांगल्या केबलला १०० मीटर लांबीला, जाऊन-येऊन, १९ च्या आत यायला हवं. कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जात होती. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त करंट ओढायचा, तेवढा व्होल्टेज वाटेतच गळायचा आणि बिचारा रीस्टार्ट व्हायचा.

मी फोन केला. ‘साहेब, तुमच्यासमोरच टेस्ट केलं होतं, सही आहे तुमची.’ त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

नव्या माणसाला काम देण्याआधी लेखी अट घातली: प्रत्येक पॉइंटचा सर्टिफायर मशीनवरचा रिपोर्ट, त्यात लांबी आणि क्रॉसटॉकचे आकडे, आणि शेवटचा हप्ता तो रिपोर्ट हातात पडल्यावर. केबलचा खोका माझ्यासमोर फोडायचा आणि पहिली तार मी खरवडणार. हे ऐकून पहिले दोघे परत आलेच नाहीत. तिसरा स्वतःचं ब्लेड घेऊन आला.