ओपन बॅफल (पेटीऐवजी उघड्या फळीवर बसवलेला स्पीकर): एकटा ८ इंची की १५ इंची आणि ट्वीटर?
समुद्रकाठच्या मालगुंडला आमच्या माजघरात २ए३ व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (दर बाजूला एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणारा) ॲम्प्लिफायर आहे, जेमतेम ३.५ वॅटचा. त्यावर भागवायचं तर स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटला एक मीटरवर किती आवाज) ९५ डेसिबलच्या पुढे हवी. ३ डेसिबल घटले की दुप्पट पॉवर लागते.

सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या ८ इंची फुल-रेंजला क्रॉसओव्हरच (खर्ज आणि तार सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं सर्किट) नाही. गाणाऱ्याचा श्वास, तंबोऱ्याची जवारी अगदी समोर! पण उघड्या फळीवर मागचा आवाज वळसा घालून पुढचा खर्ज खातो, डग्गा पोकळ वाजतो. क्यूटीएस (कोन किती सैल हलतो त्याचं माप) ०.७च्या आसपासचा १५ इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, तो घुमारा परत आणतो; वर तार सुरांसाठी ट्वीटर आणि क्रॉसओव्हर जोडावा लागतो, एवढंच.

फळी मरीन प्लायचीच घ्या, स्क्रू स्टेनलेसचे; खाऱ्या हवेत साधे पहिल्याच पावसाळ्यात तांबडे होतात. मी १५ इंचीच घेईन, भिंतीपासून तीन फूट पुढे.