जुनी शेव्हेल: मूळ रूपात आणावी की नवे इंजिन बसवावे?

गंजलेला तळ आणि मागचे पत्रे कोणत्याही वाटेने गेलात तरी बदलावेच लागतात, त्यामुळे 1968 ते 1972 च्या शेव्हेल या अमेरिकन शेव्हरोले गाडीबाबत खरा निर्णय इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांच्यापुरताच उरतो. मिशिगनमध्ये राहताना मी दोन्ही प्रकारच्या गाड्या बाळगल्या: आधी एलएस (जनरल मोटर्सचे नव्या पिढीचे, कॉम्प्युटरवर चालणारे) इंजिन बसवलेली 1970 ची शेव्हेल, आणि आता मूळ रूपात आणलेली, 307 घनइंची इंजिनाची 1969 ची मालिबू (शेव्हेलचेच एक मॉडेल).

एलएसवाल्या गाडीचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. फ्युएल इंजेक्शनमुळे ती कडाक्याच्या थंडीतही पहिल्या किल्लीला सुरू होई, आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) असल्यामुळे ताशी 70 मैलांवरही आत शांतपणे बोलता येई. मालिबूच्या पॉवरग्लाइड या दोन गिअरांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर लांबच्या हायवे प्रवासात इंजिनाचा आवाज थकवतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असले, तर साचलेल्या पाण्यातून गेल्यावर काही क्षण ते नीट धरत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते. रोज कामावर जायला किंवा मुलाबाळांसह दूरच्या प्रवासाला ही गाडी वापरायची असेल, तर मॉडिफाय करू नका असे मी म्हणणार नाही.

तरीही मी एलएसवाली गाडी विकली, आणि त्याचे कारण एकच होते: ती गाडी समजावून सांगणारा कागद कुठेच नव्हता. उन्हाळ्यात सिग्नलला उभी असताना ती मधूनच बंद पडे आणि निवल्यावर काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. मूळ इंजिनाच्या कार्ब्युरेटरला पाच ते सात पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाने पेट्रोल मिळाले की पुरते, आणि ते काम इंजिनावरचा साधा पंप करतो. एलएसला मात्र सुमारे 58 पीएसआय लागतात, म्हणजे टाकीत विजेचा पंप आला, त्याची रिले (विजेवर चालणारा स्विच) आली आणि नव्याने ओढलेल्या वायरी आल्या. डॅशबोर्डखाली पाहिले तर सगळ्या वायरी काळ्या, एकाच जाडीच्या आणि टेपमध्ये गुंडाळलेल्या होत्या. कोणती कुठे जाते हे फक्त त्या ओढणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्याचे वर्कशॉप केव्हाच बंद झाले होते. पंप एका कंपनीचा, हार्नेस (वायरींचा जुडगा) दुसरीचा, गिअरबॉक्सचा कंट्रोलर तिसरीचा, त्यामुळे प्रत्येक जण अतिशय सौजन्याने दुसऱ्याकडे बोट दाखवी. जुन्या गाड्यांचे मेकॅनिक कॉम्प्युटरला हात लावत नसत, आणि कॉम्प्युटर जाणणारे इतकी जुनी गाडी आत घेत नसत.

मालिबूत स्टार्टरची वायर जांभळी, इग्निशनची गुलाबी आणि टेललाइटची तपकिरी आहे, अगदी कारखान्यातून निघाली तशी. त्या वर्षीच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या आणि असेंब्ली मॅन्युअलच्या पुनर्मुद्रित प्रती आजही विकत मिळतात. मागचे दिवे लागेनासे झाले तेव्हा मॅन्युअलमधले पान उघडून मी तपकिरी वायरीचा माग काढत डिकीपर्यंत गेलो, तेथे कनेक्टरची एक पिन हिरवी पडलेली सापडली, आणि ती घासून बसवताच दिवे लागले. माझ्या मते ही सोय कितीही हॉर्सपॉवरपेक्षा मोलाची आहे, अर्थात ज्याला स्वतः गाडीखाली शिरायचे नाही त्याला कदाचित तसे वाटणार नाही.

मूळ रूप म्हणजे प्रत्येक नटबोल्ट जुनाच हवा असे नाही. पुढचे डिस्क ब्रेक 1969 मध्ये कंपनीच ऑप्शन म्हणून देत होती, त्यामुळे ते काहीही न कापता बसतात. काढलेले ड्रम मी तेल लावून जपून ठेवले आहेत. डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीची वेळ साधणाऱ्या यांत्रिक पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इथेनॉल सोसणारे पेट्रोलचे पाइप अवश्य घालावेत. अमेरिकेत 1 जानेवारी 1996 पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी असल्यामुळे, इंजिन उघडलेच असेल तर झीज टाळण्यासाठी हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीटही बसवून घ्याव्यात.

काहीही कापण्यापूर्वी नंबर मात्र तपासावेत. 1968 मध्ये एसएस 396 (जास्त ताकदीच्या इंजिनाची शेव्हेल) ची स्वतंत्र मालिका होती, म्हणून तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) 138 ने सुरू होतो आणि व्ही8 इंजिनाच्या मालिबूचा 136 ने. 1969 पासून एसएस हे केवळ ऑप्शन पॅकेज झाले आणि व्हीआयएनवरून ते ओळखता येईनासे झाले. अशा वेळी बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचे याची कारखान्यातली यादी) हाच मोठा पुरावा ठरतो. तो कागद अनेकदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, म्हणून टाकी उतरवताना घाई करू नये. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर व्हीआयएनशी जुळत असेल, तर ते इंजिन काढण्याचा विचारही करू नये असे मला वाटते. मूळ इंजिन आधीच गेलेले असेल, तर एलएस बसवल्याने गमावण्यासारखे फारसे उरत नाही. फक्त कामाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी वर्कशॉपकडून पूर्ण वायरिंगची आकृती आणि प्रत्येक पार्टचा नंबर लेखी घ्यावा, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावून मागावे.