कॅराबिनर 31: लाकडाला भुलू नका, नळी बघा

जुन्या लष्करी रायफली घेणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. काहींना ती कपाटात मूळ रूपात हवी असते, तर काहींना तिच्याकडून टार्गेटवर गुण हवे असतात. बहुतेक रायफलींत या दोन इच्छांचं जमत नाही. नेम सुधारायचा म्हणजे ड्रिल मारा, दस्ता कापा, घोडा बदला, आणि तेवढं केलं की संग्रहातली किंमत गेली. स्वित्झर्लंडची कॅराबिनर 31, थोडक्यात के-31, मात्र एकही भोक न पाडता 300 मीटरवर चालवता येते. म्हणूनच ती घ्यावी, आणि घेताना कुठे बघायचं हे आधी कळलेलं बरं.

बर्नच्या सरकारी कारखान्यात 1933 ते 1958 या काळात अशा सुमारे 5,28,000 रायफली तयार झाल्या. श्मिट-रुबिन या स्विस लष्करी रायफलींच्या घराण्यातला हा शेवटचा मोठा बदल. कारखान्याचे संचालक अडोल्फ फुरर यांनी बोल्टला जागी अडकवणारे खुंट (लॉकिंग लग्ज) बोल्टभोवतीच्या फिरत्या स्लीव्हच्या पुढच्या टोकाला, चेंबरच्या म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेच्या लगेच मागे आणले. त्यामुळे बोल्ट सामावणारा सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, आखूड झाला, आणि एकूण लांबी न वाढवता 652 मिमीची नळी बसवता आली. वजन सुमारे 4 किलो. नळीत गोळीला फिरकी देणारे चार चर, 270 मिमीत एक पूर्ण पीळ. बोल्ट सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा, मूठ वर-खाली फिरवायची नाही. आडवं पडून झाडताना गालही हलत नाही आणि नेमही फारसा सुटत नाही. घोडा दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट भिंत, मग स्वच्छ सुटका. लष्करी रायफलीत असा घोडा क्वचित मिळतो आणि त्याला हात लावायची गरजही नसते.

आता खरेदी. बहुतेकांचं लक्ष दस्त्यावर जातं आणि तिथेच फसगत होते. 1946 च्या सुमारापर्यंत दस्ते अक्रोडाचे, पुढे बीचचे. दस्त्याचा खालचा भाग काळवंडलेला, ठेचलेला असणं हे या रायफलीत नेहमीचंच. वर्षानुवर्षं ओल्या जमिनीवर टेकून उभी राहिल्याची ती खूण, नेमाशी तिचा काही संबंध नाही. चकचकीत, नव्याने पॉलिश केलेल्या दस्त्याकडे मात्र संशयाने बघा, कारण घासताना लाकडावरचे शिक्केही जातात. खाली सुंदर लाकूड आणि आत झिजलेली नळी, हा सौदा सर्वांत महाग पडतो.

रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बघून पक्कं केल्यावरच नळी तपासायची. बोल्ट स्टॉप दाबून बोल्ट बाहेर काढा आणि मागून उजेडाकडे धरून बघा. चरांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. मग तोंड बघा. दोऱ्याने किंवा गजाने पुढून साफ केलेल्या नळीचं तोंड एका बाजूला झिजतं, आणि मग आत कितीही चकाकी असली तरी गोळ्या पसरतात. झटपट पारख हवी असेल तर काडतुसातली नव्हे, सुटी गोळी तोंडात हलकेच बसवा. ती जवळजवळ काठापर्यंत आत गेली तर पुढची रायफल बघा. रिसीव्हर, बोल्ट आणि मॅगझिन यांवरचे क्रमांक जुळतात का हेही पाहा. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा) मोजून घेतल्याशिवाय झाडू नये. रिसीव्हरवर 'पी' अक्षर असेल तर ते दोष समजू नका. सेवा संपल्यावर शिपायाने रायफल स्वतःकडे ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. दस्त्याच्या टोकाची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली तर कित्येकदा त्या शिपायाचं नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी सापडते. वाचा आणि परत तिथेच ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये या रायफलीसाठी शस्त्रखरेदीचा परवाना लागत नाही. लेखी करार मात्र लागतो, आणि व्यवहार कॅन्टनच्या (प्रांताच्या) नोंदणी कार्यालयाला 30 दिवसांत कळवावा लागतो. कराराची प्रत दोघांनीही 10 वर्षं जपायची असते.

दारूगोळ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची. ही रायफल जीपी11 या स्विस लष्करी काडतुसासाठीच घडवली आहे. गोळी 11.3 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 780 मीटर. काडतुसाच्या तळाशी ठिणगी देणारी कॅप गंज न आणणारी आहे, त्यामुळे झाडल्यावर गरम पाण्याने नळी धुण्याची गरज नाही. काडतुसाच्या मानेवर मेणासारखं सीलिंग असतं. ते चेंबरमध्ये साठत जातं आणि मग बोल्ट उघडताना जड लागतो. सरळ ओढायच्या बोल्टला पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) सैल करायला फिरत्या मुठीइतका जोर मिळत नाही, म्हणून ही अडचण इथे जास्त जाणवते. बोल्ट जड लागला की ठोकू नका, चेंबर ब्रशने साफ करा.

जीपी11 च्या पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या कॅपच्या असल्याने घरी पुन्हा भरणं कटकटीचं आहे. असं रीलोडिंग करायचं तर बॉक्सर पद्धतीच्या, सहज बदलता येणाऱ्या कॅपच्या पुंगळ्या वेगळ्या घ्या. तीन गोष्टी सांभाळायच्या. पुंगळी पूर्ण लांबीने रीसाइझ करा, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापावर आणा, कारण बोल्टच्या जोराने काडतूस आत कोंबलं जात नाही. कॅप पुंगळीच्या तळाच्या पातळीखाली बसली पाहिजे. आणि या चेंबरचा घसा (चर सुरू होण्याआधीची जागा) आखूड असल्याने दुसऱ्या रायफलीसाठी ठरलेली गोळीची बैठक, म्हणजे ती पुंगळीत किती आत बसवायची ते माप, इथे चालत नाही. लांब नाकाची मॅच गोळी चरांना टेकते आणि दाब वाढतो. प्रत्येक नव्या गोळीसाठी काडतुसाची लांबी या रायफलीतच मोजायची.

मागची साइट 100 ते 1500 मीटरपर्यंत खुणांची आहे. स्विस पद्धतीत नेम काळ्या वर्तुळाच्या तळाशी धरतात, म्हणून मध्यभागी नेम धरणाऱ्याला गोळी वर लागल्याचं दिसतं. नळी बिघडली असं समजू नये. आडवी दुरुस्ती पुढच्या साइटवर होते. गोळी उजवीकडे न्यायची तर पुढची साइट डावीकडे सरकवा. दोन साइटमधलं अंतर सुमारे 57 सेंमी आहे, म्हणजे पुढची साइट 0.1 मिमी हलली तरी 300 मीटरवर गोळी 5 सेंमीहून जास्त सरकते. इथे हातोडी नको, साइट ढकलायचं स्क्रूचं साधन वापरा. उंचीसाठी पुढच्या साइटची वेगवेगळ्या उंचीची पाती मिळतात.

वयाबरोबर उघड्या साइटवर डोळा टिकत नसेल तर डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून बघायची साइट, बसवा. मागच्या साइटच्या जागेवर पकडीने बसणारे डायॉप्टर खास याच रायफलीसाठी बनले आहेत, आणि काढल्यावर रायफल पुन्हा मूळ अवस्थेत येते. आमच्या मते हा खर्च दुर्बिणीपेक्षा शहाणपणाचा. पुंगळी वर उजवीकडे उडते, त्यामुळे नळीच्या रेषेत बसवलेली दुर्बीण तिच्या वाटेत येते. ती डावीकडे सरकवून बसवावी लागते आणि मग गालाला टेकू राहत नाही. स्विसांनी याच रायफलीच्या झेडएफके 31/42 या स्वतःच्या दुर्बिणीच्या रूपातही दुर्बीण डाव्या बाजूलाच ठेवली होती.

300 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10 सेंमीचं असतं. धड नळीची के-31 चांगल्या काडतुसांनी त्याच्या आसपास ग्रुप (एका नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पसारा) देऊ शकते. पण नळी तापली की ग्रुप सरकू शकतो, म्हणून मॅगझिनमधली सहाही काडतुसं घाईने संपवू नयेत.

देखभाल थोडीच. लग्जवर ग्रीसचा पातळ थर, नळीची सफाई मागून. बोल्ट बाहेर काढल्यावर तो उघडलेल्या अवस्थेतच ठेवा. स्लीव्ह फिरली की तो रिसीव्हरमध्ये शिरत नाही, आणि नवखे मग जोर लावून कड ओरबाडतात. कॅप फुटली नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मग बोल्टच्या मागची कडी ओढून पुन्हा कॉक करून एकदा प्रयत्न करता येतो. दुसऱ्यांदाही नाही फुटली तर पुन्हा तेवढंच थांबून काडतूस बाहेर काढा.