शिक्का मरीन प्लायचा, आत डिंक युरियाचा

मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, म्हणून घेतलेल्या मालाची होडी पहिल्यांदा कृष्णेत सोडली तेव्हा छान तरंगली, आत थेंबभर पाणी आलं नाही. फसवणूक नंतर कळली. तळाच्या फळ्यांवर तळहाताएवढे फोड आले, बोटाने ठोकलं की भद्द आवाज. वरचं काचकापड (फायबरग्लासचं कापड) आणि इपॉक्सी रेझिनचा लेप शाबूत, आतले थर मात्र सुटे झालेले. सांगलीतल्या ज्या दुकानातून माल घेतला तिथलं उत्तर तयारच होतं: ‘पाण्यात ठेवलीत, मग फुगणारच.’ मरीन प्लायचा दर लावून विकलेल्या मालाबद्दल हे उत्तर!

डाव साधा आहे. काउंटरवर दाखवलेला तुकडा अस्सल, संध्याकाळी गोडाऊनमधून टेम्पोत भरलेली शीटं दुसरीच. शिक्का दोन्हींवर ‘आयएस ७१०’ या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचाच. शिक्क्याखालचा सीएम/एल (परवाना) नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकल्यावर परवाना भलत्याच मालाचा निघाला. बिलावर ‘मरीन’ शब्द नाही, आयएस नंबर नाही, फक्त ‘प्लाय ६ एमएम’ आणि नगांची संख्या. भांडायला गेलं की हेच बिल दुकानदार पुढे करतो.

फरक लाकडात थोडा आणि डिंकात जास्त असतो. आयएस ७१०च्या प्लायला फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा डिंक लागतो आणि सलग ७२ तास उकळत्या पाण्यात थर सुटता कामा नयेत, अशी त्याची चाचणी आहे. घरातल्या कपाटांचा स्वस्त प्लाय युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात. हा डिंक कोरड्यात वर्षानुवर्षं टिकतो, ओलीत विरघळत जातो. होडीत पाणी शिरायला वाटा पुष्कळ: फळ्या तांब्याच्या तारेने शिवताना पाडलेली भोकं, फळीच्या कडा, घाटाच्या दगडाला घासलेली जागा. इपॉक्सीचा लेप पाणी उशिरा आत येऊ देतो, पण आलेलं पाणी बाहेरही पडू देत नाही. म्हणून नकली प्लायची होडी पहिल्या दिवशी कधीच बोलत नाही.

रंगावर जाऊ नका. फिनॉलच्या डिंकाची रेघ गडद तपकिरी असते, युरियाची फिकट. हे विक्रेत्यांनाही ठाऊक असल्यामुळे फिकट डिंकात रंग कालवतात आणि कडेला लाल-तपकिरी हात मारतात. कड रंगवलेली असेल तर शीट तिथेच एक इंच कापून मागा. कापू देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

खरी परीक्षा चुलीवर. प्रत्येक शीटच्या वेगळ्या कोपऱ्यातून हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टी काढा, त्यावर शीटचा नंबर लिहा आणि मोठ्या पातेल्यात दगडाखाली बुडवून उकळत ठेवा. युरियाचा डिंक पहिल्या काही तासांतच सुटतो. इथे एक मेख आहे: युरियात मेलामाइन मिसळलेला डिंक एवढ्या उकळीला दाद देत नाही. तासाभरात ‘बघा, काही झालं नाही’ म्हणणारा दुकानदार बहुतेक असाच माल विकत असतो. म्हणून तीन दिवस-तीन रात्री जाळ ठेवायची तयारी हवी. तेवढं जमत नसेल तर निदान चार तास उकळा, दिवसभर उन्हात खडखडीत वाळवा आणि पुन्हा चार तास उकळा. मग पातळ छिन्नी थरात घालून उचका. लाकडाचे धागे तुटून दोन्ही बाजूंना चिकटून राहिले तर डिंक ठीक. थर आरशासारखा स्वच्छ सुटला तर टेम्पो परत पाठवा.

सुताराच्या हातात शीट आल्यावरही कळतं. आठ फुटी शीटं जोडून बारा फुटांची फळी करताना टोकाला उतार तासतात, एकास आठ या प्रमाणात. ६ मिमी जाडीला ४८ मिमी उतार. रंधा फिरला की थर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या हव्यात. मध्येच पट्टी तुटली, काळी फट दिसली किंवा एका थरावर दुसरा चढलेला दिसला, तर कोअरमध्ये (आतल्या थरांत) गॅप आहे, आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, फळी वाकवताना ती नेमकी तिथेच कडकन मोडेल. जाडी व्हर्नियरने कडेपासून थोडी आत, चार ठिकाणी मोजा. ६ मिमीला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ५.७च्या खाली नको. ५.२ ची शीटं सहा म्हणून सर्रास खपतात.

रेझिनमध्येही हाच खेळ. इपॉक्सी म्हणून पॉलिस्टर रेझिन डब्यात भरून देतात. फायबरच्या मूर्ती आणि टाक्या बनवणाऱ्या शेडमध्ये नाकाला झोंबतो तो वास आला, किंवा ‘किलोला दहा-वीस ग्रॅम हार्डनर टाका’ असं सांगितलं, की ते पॉलिस्टर समजा. इपॉक्सीला हार्डनर बराच जास्त लागतो, शंभराला दहापासून पन्नासपर्यंत, ज्याच्या त्याच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे. पॉलिस्टर लाकडाला नीट धरत नाही, काचकापड पापडासारखं निघून येतं. पितळी स्क्रूला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड.

पाण्यात सोडण्याआधी होडी आडव्या बांबूला टांगून डिजिटल ताणकाट्यावर वजन करा. या बारा फुटी मापाची होडी साधारण पन्नास-साठ किलोची भरते. मग उथळ, संथ पाण्यात दोन्ही टोकांना दोर बांधून सोडा. पावसाळ्यात नाहीच, आणि भिलवडी-औदुंबर ते सांगली पट्ट्यात मगरी असल्याने पाण्यात उभं राहून ढकलाढकलीही नको. माणसं चढवू नका. वीस लिटरचे भरलेले कॅन ठेवा, एक कॅन म्हणजे वीस किलो. रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी बाहेर काढून पुसा आणि पुन्हा वजन करा. लेप धड असेल तर काटा जवळजवळ तिथेच राहतो. दोन-तीन किलो वाढले असतील तर लाकूड पाणी पितंय, गळती दिसो वा न दिसो. हा कंटाळवाणा खटाटोप कोणी करत नाही, पण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९च्या महापुरात बोट उलटून माणसं गेली, त्या तालुक्यात तरी कोणी त्याला हसू नये.

बिलावर ‘आयएस ७१० मरीन प्लायवूड, ६ मिमी’, कंपनीचं नाव आणि सीएम/एल नंबर लिहून घ्या, पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या. शिक्का असलेला कोपरा, उकळलेली पट्टी आणि कोरडी पट्टी जपून ठेवा. शिक्क्याच्या गैरवापराची तक्रार बीआयएस केअरमधूनच करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत जायचं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क लागत नाही.

फोड आलेली होडी दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. सुईने इपॉक्सी भरून एक फोड बसतो, शेजारी दुसरा उठतो, कारण डिंक सगळ्या शीटभर तोच आहे. तारा कापा, फळ्या सुट्या करा आणि नव्या शीटवर मापाचे साचे म्हणून वापरा. वल्ही, कड्या, बसायच्या पाटल्या वाचतात.