होपटाऊन हाऊस: एकाच वाड्याची दोन तोंडे

एडिनबरोच्या पश्चिमेला, साउथ क्वीन्सफेरीजवळ फोर्थच्या खाडीकाठी असलेले होपटाऊन हाऊस पाहायला जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, समोरचा डामडौल पाहून लगेच आत शिरू नये. आधी वळसा घालून वाड्याची मागची, म्हणजे पश्चिमेची बाजू पाहावी. या दोन बाजूंचे एकमेकींशी जे जुळत नाही, त्यातच या वास्तूचा इतिहास आहे.

पश्चिमेकडचे घर वास्तुकार सर विल्यम ब्रूस यांनी आखलेले. मार्गारेट होप यांनी आपला तरुण मुलगा चार्ल्स याच्यासाठी ते बांधायला घेतले आणि १६९९ ते १७०१ या काळात ते उभे राहिले. पैशाचे मोठे पाठबळ होते लेडहिल्सच्या शिशाच्या खाणींचे. घर आटोपशीर असून दगडांच्या थरांमधल्या आडव्या खाचांमुळे भिंतीला एक शिस्त आलेली आहे. चार्ल्सला १७०३ मध्ये अर्ल ही सरदारकीची पदवी मिळाली आणि काही वर्षांतच त्याला हे घर आपल्या इतमामाला अपुरे वाटू लागले. मग १७२१ पासून वास्तुकार विल्यम अ‍ॅडम यांनी पूर्वेकडून जुन्या घरावर नवा मुखवटा चढवला: दोन मजले व्यापणारे, शिरोभागी पानांची नक्षी असलेले कोरिंथियन अर्धस्तंभ, वर उंच माथा आणि दोन्ही अंगांना वळत जाणाऱ्या स्तंभरांगा. १७४८ मध्ये ते वारले आणि पुढचे काम जॉन व रॉबर्ट या मुलांकडे आले. वडिलांनी योजलेली स्तंभयुक्त देवडी मुलांनी बांधलीच नाही, त्यामुळे एवढ्या प्रचंड दर्शनी भागाचा मध्य मला सपाट, काहीसा नाटकाच्या पडद्यासारखा वाटला.

आत मात्र मुलांनी उणीव भरून काढली आहे. लाल दिवाणखान्यातले सोनेरी नक्षीचे छत आणि मायकेल रिसब्रॅक यांनी घडवलेली संगमरवरी शेकोटी यांवरून नजर हलत नाही. शेजारच्या पिवळ्या दिवाणखान्यात चौथ्या जॉर्जने १८२२ मध्ये चित्रकार हेन्री रेबर्न यांना नाइट केले.

तरीही मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो तो ब्रूस यांच्या अष्टकोनी जिन्यापाशी. तिथे अलेक्झांडर आयझॅट यांनी लाकडात फुले, फळे, गव्हाच्या ओंब्या आणि मटारच्या शेंगाही कोरल्या आहेत. दिवाणखान्यांतला सोन्याचा मुलामा पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी आहे. ही शेंग मात्र रोज जिना चढणाऱ्यासाठी असावी, असे वाटते. जिन्याच्या भिंतींवरची चित्रे १९६७ मधली आहेत, हे आधी ठाऊक नसेल तर सहज फसायला होते.

मराठी पाहुण्याला आणखी एक धागा जाणवेल. १९३६ ते १९४३ या काळातले व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा जन्म याच घरातला. १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत.

वाडा वर्षभर खुला नसतो, तेव्हा तारखा पाहूनच बेत आखावा आणि तीन तास तरी हाताशी ठेवावेत. गच्चीवर जायला मिळाले तर चुकवू नये. तिथून १८९० चा लाल पोलादी फोर्थ पूल दिसतो.