पक्षाघातानंतरची जनुकीय तपासणी: सोलापुरातील एका प्रयोगशाळेची सेवा

सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आल्यानंतर सात रस्ता भागातील एका प्रयोगशाळेतून आम्ही रक्ताच्या गुठळ्यांची आनुवंशिक प्रवृत्ती पाहणारा तपासणीसंच करून घेतला. नमुना घेण्याची व्यवस्था उत्तम आहे. घरी आलेल्या तंत्रज्ञ ताईंनी झटका केव्हा आला आणि हेपारिन किंवा वॉर्फरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे चालू आहेत का, हे आधी विचारले. ताजी गुठळी किंवा ही औषधे असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या नैसर्गिक प्रथिनांची मापे खाली येऊन दिशाभूल करू शकतात, म्हणून ही विचारपूस मला फार मोलाची वाटली.

माझा आक्षेप आहे तो संचातील निवडीवर. त्यात फॅक्टर व्ही लायडन आणि प्रोथ्रोम्बिनमधील बदल, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांतील दोन बदल, यांना पहिले स्थान दिलेले आहे. यांपैकी फॅक्टर व्ही लायडन हा नेदरलँड्समधील लायडन येथे १९९४ साली ओळखला गेलेला बदल युरोपीय वंशाच्या लोकांत बराच आढळतो, भारतीयांत क्वचित. शिवाय दोन्हींचा संबंध मुख्यतः शिरांतील गुठळ्यांशी आहे. तरुण रुग्णाच्या मेंदूतील शिरेत गुठळी झाली असेल, तर हा शोध सार्थ आहे. परंतु वर्षानुवर्षे रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वृद्धाची धमनी बंद झाली असताना या चाचण्यांचे उत्तर काहीही आले, तरी उपचार सहसा बदलत नाहीत. संचातील एमटीएचएफआर (फोलेटच्या वापराशी निगडित जनुक) चाचणी तर अनावश्यकच होती.

खरा उपयोग झाला तो शेवटच्या पानावरील सीवायपी२सी१९ चाचणीचा. गुठळी टाळण्यासाठी दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि यकृतातील सीवायपी२सी१९ नावाचे विकर (एन्झाइम) तिला कार्यक्षम करते. ते विकर दुबळे करणारी जनुकीय रूपे आपल्याकडे बऱ्याच जणांत आढळतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील मोठ्या अभ्यासात अशी रूपे असलेल्या, सौम्य झटक्याच्या किंवा अल्पकालीन झटक्याच्या रुग्णांना ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलोर हे त्याच कामाचे दुसरे औषध दिल्यावर ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, मात्र एकूण रक्तस्राव वाढला. सासऱ्यांत असे एक रूप निघाले आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळीचा नव्याने विचार केला.

अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो, ही मोठी उणीव आहे. दूरध्वनीवरील समुपदेशकांनी मात्र प्रत्येक ओळ मराठीत शांतपणे समजावली. वयस्कर रुग्ण क्लोपिडोग्रेल घेत असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने, संपूर्ण संच न घेता केवळ सीवायपी२सी१९ची मागणी करावी. ती येथे स्वतंत्रपणेही करून मिळते.